गुरे वळण्याची विद्या

दिवस मावळतीला आला, की जाफराबादच्या शिवारातून गुरे घराकडे निघतात. पूर्णा आणि केळना या दोन नद्यांचा इथे संगम आहे. नदीकाठी आणि गायरानात दिवसभर चरलेली गुरे धूळ उडवीत येतात. गळ्यातल्या घंटा वाजतात. घरी बांधलेली वासरे हंबरू लागतात. हे तुम्ही रोज पाहता. त्यात नवे ते काय?

नवे काही नाही. पण एके दिवशी वाटेच्या कडेला उभे राहून नीट बघा. आम्ही असेच एकदा उभे होतो. आधी एक तरणा गडी आला. पुढे आठ-दहा गुरे आणि मागे तो. सारखा ओरडत होता. सगळ्यांत मागच्या गाईच्या पाठीवर काठी हाणत होता. काठी बसली, की ती गाय उसळून पुढच्या म्हशीवर जायची. म्हैस दचकून मागे फिरायची. एक कालवड तर उडी मारून कुणाच्या तरी कपाशीत शिरली. तिला हुसकायला गडी पळाला, तेवढ्यात बाकीची गुरे गल्लीत घुसली. डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई भिंतीला चिकटून उभी राहिली, म्हणून वाचली.

त्याच्या मागून एक म्हातारी आली. तिचीही सहा-सात गुरे. म्हातारी गुरांच्या पाठीमागे नव्हती, जरा बाजूला होती. कधी दोन पावले पुढे जाई, कधी थांबे. हातात काठी होती, पण ती टेकायला. गुरे एकामागे एक, रांगेने, आपापल्या दारी गेली.

आम्ही विचारले, "आजी, तुमची गुरं एवढी गुणी कशी हो?"

आजी म्हणाल्या, "गुरं समदी सारखीच असत्यात. आपुन कुठं उभं ऱ्हावं, ते कळाया पायजे."

आजींचे हे बोलणे लहान वाटते. पण एवढ्याच गोष्टीसाठी दूरदेशी मोठमोठ्या शर्यती भरतात. हजारो माणसे त्या बघायला जमतात. कुणी घोड्यावर बसून गुरे वळवतो, कुणी कुत्र्याकडून वळवून घेतो. त्यावर गुण देतात, बक्षिसे देतात. त्या शर्यती आज आपण समजून घेऊ. पण त्याआधी गाय जग कसे पाहते, ते बघू. ते कळले, की शर्यत आपोआप कळेल.

गाईचे डोळे आपल्यासारखे समोर नसतात. ते डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता तिला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त पाठीमागची, शेपटीच्या रेषेतली एक पट्टी तिला दिसत नाही. आता तो तरणा गडी आठवा. तो नेमका त्या पट्टीत उभा होता. मागे काहीतरी ओरडते आहे, मारते आहे, पण दिसत मात्र नाही. मग गाय काय करील? काय आहे ते पाहायला मान वळवील. मान वळली, की अंगही वळते. गडी समजतो, गाय हट्टी आहे. गाय हट्टी नसते. ती घाबरलेली असते.

दुसरी गोष्ट. मोकळ्या गुराभोवती न दिसणारे एक रिंगण असते. त्याच्या बाहेर तुम्ही उभे असाल, तर ते तुमच्याकडे नुसते बघते. रिंगणाच्या कडेवर पाऊल टाकले, की ते चालू लागते. तुम्ही मागे सरलात, की ते थांबते. एकदम आत घुसलात, तर मात्र ते बिथरते. मग ते पळत सुटते, नाहीतर तुमच्याच अंगावरून मागे निसटते. हे रिंगण सगळ्या गुरांचे सारखे नसते. मोकाट, माणसाला न सरावलेल्या गुराचे रिंगण पुष्कळ मोठे असते. दावणीच्या गाईला ते जवळजवळ नसतेच. तिला तुम्ही हात लावा, खाजवा, ती हलत नाही. म्हणून तिला हाकण्यापेक्षा दाव्याने पुढून न्यावे, हे सोपे.

तिसरी गोष्ट खांद्याची. गुराच्या खांद्याच्या मागे, बाजूला उभे राहून तुम्ही त्याच्याकडे सरकलात, तर ते पुढे जाते. खांद्याच्या पुढे येऊन सरकलात, तर ते थांबते किंवा मागे फिरते. त्यातही एक गंमत आहे. गुरे पूर्वेला चालली आहेत आणि तुम्ही त्यांच्या बाजूने पश्चिमेला चालत गेलात, तर एकेक गुरू तुम्ही त्याच्या खांद्यामागे जाताच पाऊल उचलते. म्हणजे गुरांना पुढे न्यायचे, तर आपण उलटे चालायचे! ऐकायला वेडेपणा वाटतो. उद्या गायरानात करून पाहा. हळू चाला, हात झाडू नका. नुकतीच व्यालेली गाय आणि मारका वळू यांच्यावर मात्र हा प्रयोग करू नका. आणि अरुंद बोळात कधीच करू नका. गुराला जायला वाट मोकळी पाहिजे, आणि आपल्यालाही.

मराठीत आपण 'गुरे राखतो' म्हणतो, तसे 'गुरे वळतो' असेही म्हणतो. आपल्या वाडवडिलांनी हा शब्द उगाच नाही वापरला. गुरू मारायचे नसते, वळवायचे असते.

अमेरिकेत टेंपल ग्रँडिन नावाच्या एक बाई आहेत. त्यांचा जन्म १९४७ चा. लहानपणी साडेतीन-चार वर्षांच्या होईपर्यंत त्यांना बोलता येत नव्हते. पुढे त्या शिकल्या आणि विद्यापीठात गुरांच्या शास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. गुरे ज्या वाटेने नेतात, त्या वाटेने त्या स्वतः वाकून चालत. गुराच्या डोळ्यांना काय दिसते, ते पाहत. कुठे साखळी लोंबते आहे, कुठे जमिनीवर काळी सावली पडली आहे, कुठे कुंपणावर कुणाचा सदरा वाळत घातला आहे. अशाच बारीक गोष्टींना गुरे बुजतात, हे त्यांनी दाखवून दिले. रिंगण आणि खांदा यांचे शास्त्रही त्यांनी चित्रे काढून लोकांना समजावले. जाफराबादच्या आजींना ते चित्राशिवाय ठाऊक होते, इतकेच.

आता कुत्रा आणि घोडा यांच्याकडे येऊ.

आपल्याकडे जनावरे, कुत्रा आणि घोडा ही तिन्ही एकत्र कुठे दिसतात? धनगरांच्या वाड्यात. पिके निघाली, की मेंढ्यांचे कळप शिवारात उतरतात. शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवतात. मेंढ्यांच्या लेंड्या आणि मूत यांनी रानाला खत मिळते. धनगराला त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात. वाडा हलतो तेव्हा सगळे बिऱ्हाड घोड्यावर असते. भांडी, गोधड्या, मेंढ्यांभोवती लावायची वाघर, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, आणि वरती एखादे पोर. घोडी बहुधा बायकांच्या हाती. पुढचा मुक्काम लावण्याचे काम त्यांचेच. पुरुष मेंढ्यांबरोबर रानातून जातात.

आणि कुत्रा? तो मेंढ्या हाकत नाही. तो मेंढ्या राखतो. रात्री वाघरीभोवती फिरतो. माळावर लांडगा आला, चोर आला, तर भुंकून उठवतो, वेळ आली तर झुंजतो. मेंढ्या वळवण्याचे काम धनगर स्वतः करतो, शीळ घालून, हाळी देऊन. म्हणजे कुत्र्यांचे दोन धंदे झाले. एक राखणदाराचा, दुसरा हाक्याचा. आपला कुत्रा राखणदार. दुसऱ्या काही देशांत कुत्रा हाक्या झाला.

तसे का झाले असावे? आम्हाला याचे एक कारण दिसते. आपल्याकडे पिकाची राने, पांदी आणि गावे एकमेकांना लागून आहेत. कळपाबरोबर चार माणसे चालतातच. शिवाय लांडग्याची भीती आहे. राखणदार कुत्र्यावाचून भागत नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स इथे लांडगे केव्हाच नाहीसे झाले. तिथे मेंढ्या डोंगरावर मोकळ्या चरतात आणि धनगर एकटा असतो. एकट्या माणसाने मैलभर डोंगर चढून मेंढ्या गोळा करायच्या कशा? मग कुत्र्याला शिकवले.

अशा कुत्र्यांची एक जुनी आणि प्रसिद्ध शर्यत ९ ऑक्टोबर १८७३ या दिवशी वेल्समधल्या बाला या गावी झाली. दहा कुत्री उतरली होती. शे-दोनशे नव्हे, तीनेकशे माणसे बघायला आली. जिंकला तो थॉम्सन नावाचा स्कॉटलंडचा माणूस. त्याच्या कुत्र्याचे नाव ट्वीड. कुत्रा लहानखुरा होता.

या शर्यतीत मेंढ्या दूर, डोंगराच्या उतारावर सोडतात. धनगर एका खुंटाजवळ उभा राहतो. कोंडवाड्याची वेळ जवळ येईपर्यंत जागा सोडायची नाही. तो नुसती शीळ घालतो. एका शिळेचा अर्थ, उजवीकडून वळसा घे. दुसरीचा अर्थ, डावीकडून घे. तिसरीला कुत्र्याने जागच्या जागी बसायचे. कुत्रा लांबून वळसा घेऊन मेंढ्यांच्या मागे जातो, त्यांना धन्याकडे आणतो, दारांतून काढतो आणि शेवटी लहानशा कोंडवाड्यात घालतो. मेंढ्या पळाल्या, फुटल्या, की गुण कापले जातात. म्हणजे बघा, रिंगण तेच, खांदा तोच. आजींच्या जागी कुत्रा आहे, एवढेच.

पूर्वीचे हाके कुत्रे फार भुंकत. १८९३ साली इंग्लंडच्या उत्तरेला एक कुत्रा जन्मला. त्याला लोक 'ओल्ड हेंप' म्हणत. तो भुंकत नसे. मान खाली घालून, दबत दबत यायचा आणि मेंढ्यांवर नजर रोखायचा. तेवढ्यावर मेंढ्या मुकाट्याने चालत. लोकांना हे इतके आवडले, की जो तो त्याची पिल्ले मागू लागला. आज 'बॉर्डर कोली' म्हणून जी जात जगभर मेंढ्या हाकते, तिचा मूळपुरुष हाच मानतात.

पण मेंढी ती मेंढी. गाय-बैलांवर नुसती नजर रोखून नेहमी भागत नाही. ऑस्ट्रेलियात गुरांचे कळप फार मोठे आणि राने त्याहून मोठी. तिथल्या लोकांनी विलायती कुत्र्याचा तिथल्या रानकुत्र्याशी, म्हणजे डिंगोशी, संकर केला. त्यातून अंगाने गट्टा, ठेंगणा कुत्रा तयार झाला. तो अडेल गुराच्या मागच्या पायाला, खुराच्या वर, हलकेच चिमटा घ्यावा तसा दात लावतो. आणि लगेच जमिनीशी सपाट होतो. गुराची लाथ त्याच्या डोक्यावरून जाते. ज्या पायावर गुराचा भार असतो, तोच पाय हा कुत्रा धरतो. का? भार असलेला पाय लगेच उचलता येत नाही. हे त्याला कुणी गणित घालून शिकवत नाही. ते त्याच्या रक्तातच असते.

याच देशात घोडेस्वारांची एक शर्यत आहे. तिला 'कँपड्राफ्ट' म्हणतात. १८८५ साली टेंटरफील्ड या गावच्या जत्रेत ती पहिल्यांदा रीतसर झाली, असे सांगतात. क्लॅरेन्स स्मिथ नावाच्या तिथल्याच एका गुरेवाल्याने तिचे नियम बसवले. ही शर्यत आम्हाला सगळ्यांत आवडली, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

एका लहान आवारात सात-आठ गुरे असतात. स्वार घोड्यावरून आत जातो. हळू चालतो. गुरे न्याहाळतो. त्यातले एक निवडतो. ते गुरू त्याने कळपातून वेगळे करून दाराशी आणायचे. तुम्हाला ठाऊक आहे, कळपातून एक गुरू काढणे किती अवघड. त्याला पुन्हा सोबत्यांत शिरायचे असते. ते डावीकडे उसळते, घोडा डावीकडे आडवा. ते उजवीकडे फिरते, घोडा उजवीकडे. असे दोन-तीनदा अडवून दाखवले, की स्वार ओरडतो आणि दार उघडते.

गुरू बाहेरच्या मोकळ्या मैदानात धावत सुटते. आता खरी कसोटी. मैदानात दोन खुंट रोवलेले असतात. गुराला एका खुंटाभोवती एका बाजूने वळसा घालायला लावायचे आणि दुसऱ्याभोवती उलट बाजूने. दोन भाकरी एकीला एक लावून ठेवाव्यात आणि त्यांच्या कडेने बोट फिरवत न्यावे, तशी ती वाट असते. मग आणखी दोन खुंटांच्या मधून त्याला काढायचे. हे सारे ४० सेकंदांत. घोडा गुराच्या खांद्याला खांदा लावून पळतो. कुठे पुढे जाऊन वळवायचे, कुठे मागे राहून सोडायचे, हे क्षणात ठरते. गुरू हाताबाहेर गेले, की पंच चाबूक हवेत कडाडतो. चाबूक वाजला, की खेळ संपला.

एकूण १०० गुण. कळपातून गुरू काढण्याला २६. घोड्याच्या कामाला ७०. आणि वाट पुरी करण्याला किती? फक्त ४. आम्हाला हे वाचून आधी नवल वाटले. वाट पुरी करणे हेच तर काम, त्याला चारच गुण? मग लक्षात आले. नशिबाने एखादे गुरू वाटेवरून धावतही सुटेल. ते वळवले कुणी आणि कसे, हे पाहायचे आहे. या शर्यतीत बाया आणि पुरुष एकाच रांगेत उतरतात, त्यांना वेगळे नियम नाहीत.

अमेरिकेत घोडा आणि कुत्रा यांची जोड करतात. स्वार घोड्यावर बसतो आणि कुत्र्यांना हुकूम देतो. कुत्री चार-पाच गुरे दुरून गोळा करून आणतात, ठरलेल्या फाटकांतून काढतात आणि कोंडतात. प्रत्येक फाटकाचे गुण ठरलेले असतात आणि वेळही ठरलेली असते. घाई केली, तर गुरे फुटतात. सावकाश राहिले, तर वेळ जातो.

आपल्या महाराष्ट्रात असे काही आहे का? अगदी असे नाही. पण जवळचे आहे. जाफराबादच्या शेजारी बुलडाणा जिल्हा आणि त्यापलीकडचा विदर्भ. तिकडे शंकरपट भरतो. बैलजोडी सोडतात आणि किती सेकंदांत पट पार केला, ते मोजतात. पुण्याच्या उत्तरेला खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांत बैलगाड्यांच्या शर्यती होतात. तिथे बैलांच्या पुढे एक स्वार घोडी पळवतो. घोडी बघून बैल जोर धरतात. घोडेस्वार आणि बैल यांची जोड आहे ती इथे. फरक असा, की तिकडे स्वार गुराला वळवतो, इथे तो वाट दाखवतो.

या शर्यतींवर मोठा वाद झाला. बैलांना टोचणे, मारणे, त्यांची शेपटी पिरगाळणे असे प्रकार होत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा बदलला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांनी हा बदललेला कायदा योग्य ठरवला. त्यामुळे शर्यत भरवायची, तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जनावराला क्रूरपणे वागवले, तर शिक्षा आहे. पराणीची आर बैलाच्या अंगात रुतवून जिंकलेली ढाल घरात कशी मिरवावी, हे आम्हाला तरी कधी कळले नाही.

कोल्हापूरची गोष्ट निराळी. तिथे दिवाळीत, पाडव्याच्या सुमाराला, म्हशींचा खेळ असतो. म्हशींना धुऊन, शिंगे रंगवून, गळ्यात माळा घालून रस्त्यावर आणतात. धनी फटफटीवर बसतो, हाक मारतो आणि निघतो. म्हैस त्याच्यामागे धावते. गर्दी, वाजंत्री, फटफटीचा फडफडाट, कशाला ती बुजत नाही. तिला आपल्या धन्याचा आवाज तेवढा ठाऊक. इथे हाकायचे नाहीच, बोलवायचे. वर्षभर जिला हाताने चारले, तीच अशी मागे येईल. एका दिवसाच्या तयारीने हे होत नाही.

ज्याने लहानपणी गुरे राखली, त्याला पुष्कळ ठिकाणी 'अडाणी' म्हणून हिणवतात. 'शाळेत गेला नाहीस, मग काय गुरे वळलीस?' असे म्हणतात. आमच्या वर्गात येणाऱ्या एका गृहस्थांना हे फार लागायचे. अक्षरे गिरवताना ते खाली मान घालून बसत. एकदा आम्ही फळ्यावर गाय काढली आणि विचारले, हिला पुढे न्यायचे, तर कुठे उभे राहावे? ते उठले. खडू घेतला. गाईच्या खांद्यामागे, थोडे बाजूला, फुली मारली. मग म्हणाले, "हितं. पर गाय नवी असली, तर जरा लांब." आणि त्यांनी दुसरी फुली लांब मारली.

त्याच थंडीत एका सकाळी आम्ही पुलाजवळ होतो. मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडणार होता. रस्त्यावर ट्रक, फटफट्या, शाळेची पोरे. धनगरमामा पुढे झाले. त्यांनी हात वर करून गाड्या थांबवल्या. मागे त्यांचा मुलगा होता. त्याने घाई केली, मेंढ्यांच्या अगदी पाठीशी आला. पुढच्या मेंढ्या थबकल्या, चार मेंढ्या उलट्या फिरल्या. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. तसे मामा ओरडले, "माघं सर रं! बाजूला हो!" मुलगा दहा पावले मागे सरला आणि कळपाच्या कडेला गेला. आधी एक बकरी पुढे निघाली. मग एक मेंढी, मग सगळ्याच. घोडी घेऊन बायका शेवटी आल्या. कुत्रा सगळ्यांच्या मागे होता. रस्ता ओलांडून झाल्यावर त्याने एकदा वळून ट्रककडे पाहिले आणि तो कळपामागे पळाला.